फोन येतो तो चुकीच्या कार्डासाठी

बुलढाणा जिल्ह्यातल्या घाटाखालच्या आमच्या पट्ट्यात एकाच खिशात दोन कार्डं बाळगणारी माणसं आता वरवट बकालच्या चौकातही सापडतात. एक क्रेडिट कार्ड, चकचकीत, लिमिट पंधरा-वीस हजार. दुसरं किसान क्रेडिट कार्ड, पासबुकाच्या प्लास्टिकात खोचलेलं, लिमिट लाखाच्या आसपास. पहिल्याची लिमिट वाढवायला बँक स्वतः फोन करते. दुसऱ्याची वाढवायला शेतकरी स्वतः बँकेत जातो आणि ‘वरून आलं नाही’ हे ऐकून परत येतो.

पहिल्या कार्डावर पैसे थकले तर वर्षाचं व्याज चाळीस-बेचाळीस टक्क्यांच्या घरात जातं. दुसऱ्या कार्डावरचे पैसे मुदतीत भरले तर व्याज चार टक्के, आणि महाराष्ट्रात तीन लाखांपर्यंत शून्य. फोन येतो तो बेचाळीस टक्क्यांच्या कार्डासाठी. शून्य टक्क्यांच्या कार्डासाठी कुणी फोन करत नाही. मला याची चीड आहे, आणि ती हिशेबासकट मांडतो.

आधी चकचकीत कार्डाचं बघू. आपल्याकडच्या पोरांना हे कार्ड मिळतं ते बहुतेक वेळा मुदत ठेवीवर. पगाराची चिठ्ठी नाही, आयकर विवरणपत्र नाही, सिबिलवर नावाची नोंद नाही. मग वीस-पंचवीस हजारांची एफडी ठेवायची आणि तिच्या जवळपास लिमिटचं कार्ड घ्यायचं. यात गैर काहीच नाही. उधारीच्या बाजारात नाव कमवायला ही सरळ वाट आहे, आणि शेतकऱ्याच्या पोरानं ती जरूर धरावी. जून २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडायची मुभा देण्याचं जाहीर केलं. तेव्हापासून असं कार्ड किराणा दुकानाच्या क्यूआरवरही चालायला लागलं, त्यामुळे तालुक्याच्या गावातही त्याला काम आहे.

त्याची लिमिट वाढते कशी? बँक तीन गोष्टी बघते. बिल तारखेच्या आत आणि पूर्ण भरलं जातं का, लिमिटपैकी किती वापरलं जातं, आणि उत्पन्नाचा काही पुरावा आहे का. वीस हजारांच्या कार्डावर दर महिन्याला अठरा-एकोणीस हजार उडवणारा माणूस बँकेच्या नजरेत ओढाताणीतला ठरतो, मग तो दर महिन्याला पूर्ण का भरेना. तीसेक टक्क्यांच्या आत वापर ठेवावा असं या धंद्यातली माणसं सांगतात. हा कायदा नाही, ठोकताळा आहे, पण कामाचा आहे. वापर जास्तच झाला असेल तर बिल बनण्याच्या तारखेआधी थोडे पैसे भरून टाकावेत, कारण सिबिलला कळवली जाते ती बहुधा बिलावरची बाकी. सहा महिने, वर्षभर असं सरळ चाललं की लिमिट वाढवून मागा. एफडीवरचं कार्ड असेल तर एफडी वाढवली की लिमिटही वाढवून मिळते. यात गुपित काही नाही, आणि यासाठी कुणाला पैसे द्यायची तर मुळीच गरज नाही.

हे शेवटचं वाक्य मुद्दाम लिहिलं. ‘तुमच्या कार्डाची लिमिट वाढली आहे, चालू करायला ओटीपी सांगा’ असे फोन खेड्यापाड्यात येतात. व्हॉट्सअॅपवर एपीके फाईल येते आणि ती बँकेच्या नावानं उघडायला सांगतात. ती उघडली की मोबाइल त्यांचा झाला. खऱ्या बँकेला तुमचा ओटीपी, पिन, सीव्हीव्ही फोनवर लागत नाही. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, त्याच मिनिटाला १९३० वर फोन करा. उशीर झाला की पैसे चार खात्यांतून पुढे गेलेले असतात.

आता खऱ्या बँकेचा खरा फोन. ‘सर, तुमची लिमिट वीस हजारांवरून साठ हजार करतोय, फक्त हो म्हणा.’ रिझर्व्ह बँकेचे निर्देश याबाबत स्पष्ट आहेत. ग्राहकाच्या उघड संमतीशिवाय लिमिट वाढवता येत नाही आणि न मागितलेलं कार्ड गळ्यात मारता येत नाही. म्हणजे तुमचा होकार हीच चावी आहे, म्हणून तर तो फोन येतो. हो म्हणायच्या आधी स्वतःला एवढंच विचारा की मला पैसे हवेत की मला कुणी मोठं समजलं याचा आनंद हवा आहे. आनंदासाठी लिमिट वाढवलेली माणसं मी पाहिली आहेत. पुढचा मोबाइल साठ हजारांचाच येतो.

आणि तो फिटता फिटत नाही, कारण बिलावरची ती ‘किमान देय रक्कम’. तिचा हिशेब एकदा कागदावर मांडून बघा. वीस हजार बाकी आहे. महिन्याचं व्याज साडेतीन टक्के, म्हणजे सातशे रुपये. त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे एकशे सव्वीस. झाले आठशे सव्वीस. समजा किमान रक्कम हजार रुपये दाखवली आणि तुम्ही ती इमानदारीनं भरली, तर तुमच्या मूळ कर्जातून कमी झाले एकशे चौऱ्याहत्तर रुपये. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच, आणि मधे नवीन खरेदी केली तर तिच्यावर पहिल्या दिवसापासून व्याज, कारण बिनव्याजी मुदत पूर्ण बिल भरणाऱ्यालाच मिळते. नुसती किमान रक्कम भरत राहिलात तर फेड महिनोन् महिने, वर्षानुवर्षं लांबेल असा इशारा बिलावर छापणं बँकांना बंधनकारक आहे. तो छापलेला असतोच, फक्त ‘आता भरा’ या बटणाइतका मोठा नसतो.

एटीएममधून त्या कार्डावर रोख काढली तर वेगळं शुल्क आणि त्याच दिवसापासून व्याज. पेरणीच्या तोंडावर क्रेडिट कार्डानं रोख काढणाऱ्याचा हात धरून थांबवावं, इतकं ते महाग आहे.

आता याची सावकाराशी तुलना करा. आपल्या राज्यात सावकारीचा कायदा आहे, २०१४ चा. परवानाधारक सावकारानं शेतकऱ्याकडून वर्षाला जास्तीत जास्त किती व्याज घ्यावं हे सरकारनं ठरवून दिलं आहे. तारण असेल तर नऊ टक्के, बिनतारण असेल तर बारा टक्के. बिगरशेतकऱ्याला पंधरा आणि अठरा. त्याहून जास्त घेतलं तर तो गुन्हा. बँका या कायद्याच्या बाहेर आहेत. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली म्हटलं होतं की क्रेडिट कार्डावर तीस टक्क्यांहून जास्त व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. २० डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. व्याजाचं धोरण ठरवणं हे रिझर्व्ह बँकेचं काम, आयोगाचं नव्हे, असं न्यायालयाचं म्हणणं. कायद्याच्या नजरेनं ते बरोबर असेल. पण वरवट बकालच्या माणसाच्या वाट्याला काय आलं ते बघा. गावातल्या सावकारानं शेतकऱ्याकडून तेरा टक्के घेतले तर पोलीस ठाणं, आणि शहरातल्या बँकेनं बेचाळीस घेतले तर ती सेवा. रिझर्व्ह बँकेने या व्याजाला वरची मर्यादा घालावी अशी माझी उघड मागणी आहे. लिमिट घालायचीच तर तिथे घाला.

आता दुसरं कार्ड, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप.

किसान क्रेडिट कार्ड १९९८ पासून आहे. त्याची लिमिट साहेबाच्या मर्जीवर नाही, सूत्रावर ठरते. जिल्हास्तरीय तांत्रिक समिती दरवर्षी पीकवार दर सुचवते, एकरी किंवा हेक्टरी कापसाला इतके, सोयाबीनला इतके. याला आपण पीक कर्ज दर म्हणतो. तो दर गुणिले तुमचं क्षेत्र. त्यावर दहा टक्के काढणीनंतरच्या आणि घरखर्चाच्या गरजेसाठी. त्यावर वीस टक्के शेतीच्या साधनांच्या देखभाल-दुरुस्तीसाठी. शिवाय पीक विम्याचा हप्ता. आणि मग ते कलम येतं, जे मी गावात कुणाला विचारलं तरी माहीत नसतं. दुसऱ्या वर्षापासून पाचव्या वर्षापर्यंत, वाढत्या खर्चापोटी, दरवर्षी लिमिटमध्ये दहा टक्के वाढ.

पुन्हा वाचा. लिमिट वाढवून द्या म्हणून हात जोडायचे नाहीत. वाढ योजनेतच लिहिलेली आहे.

हिशेब सोपा करून सांगतो. दर गृहीत धरलेला आहे, तुमच्या पिकाचा आणि यंदाचा दर बँकेत विचारून घ्या. समजा एकरी पंचवीस हजार दर आणि चार एकर शेत. झाले एक लाख. दहा टक्के म्हणजे दहा हजार, वीस टक्के म्हणजे वीस हजार. पहिल्या वर्षाची लिमिट एक लाख तीस हजार, विम्याचे वेगळे. दुसऱ्या वर्षी दहा टक्क्यांनी वाढून एक लाख त्रेचाळीस हजार. तिसऱ्या वर्षी एक लाख सत्तावन्न हजार तीनशे. चौथ्या वर्षी एक लाख त्र्याहत्तर हजार तीस. पाचव्या वर्षी एक लाख नव्वद हजारांच्या वर. आणि १ जानेवारी २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने शेतीच्या कर्जाची बिनतारण मर्यादा एक लाख साठ हजारांवरून दोन लाख केली आहे. म्हणजे चार एकरवाल्याची पाचव्या वर्षाची लिमिटसुद्धा जमीन गहाण न टाकता बसते.

आता तुमचं पासबुक काढा आणि बघा. पाच वर्षांपूर्वी किती होती, आज किती आहे. बहुतेकांच्या कार्डावर पहिल्या वर्षी जो आकडा पडला तोच आजही आहे, आणि काहींच्या कार्डावर तर वीस टक्क्यांचा देखभालीचा भाग मुळात धरलेलाच नाही. काउंटरवर संवाद ठरलेला.

‘साहेब, लिमिट वाढवून पाहिजे होती.’

‘भाऊ, ते वरून ठरते, आमच्या हाती काही नाही.’

‘अर्ज देऊ का?’

‘अर्ज देऊन काय करता? मार्चनंतर या.’

मार्चनंतर गेलं की निवडणूक, बदली, सर्व्हर. मग मृग लागतो. २०२५ च्या हंगामात कपाशीच्या बीटी बियाण्याचं पाकीट ९०१ रुपये, डीएपीची बॅग १३५० रुपये होती. चार एकर कपाशी म्हटली तर आठ पाकिटं आणि चार बॅगा यांतच साडेबारा हजार गेले, आणि अजून डवरणी, निंदण, फवारणी, वेचणी काहीच सुरू झालेलं नाही. हे पैसे कार्डावर निघाले नाहीत की माणूस कृषी केंद्रात उधारीच्या वहीत नाव लिहितो. वहीतला भाव रोखीहून वेगळा असतो, हे दुकानदारही नाकारत नाही. आणि दिवाळीनंतर कापूस कुठे टाकायचा याचा निर्णयही त्या वहीनंच झालेला असतो.

म्हणून बँकेतल्या माणसाच्या ‘अर्ज देऊन काय करता’ला भुलू नका. अर्ज दिल्याशिवाय तुम्ही काही मागितलंच नाही, असंच कागद बोलतो. किसान क्रेडिट कार्डाचा अर्ज पूर्ण कागदपत्रांसह दिल्यावर चौदा दिवसांत निकाली काढावा अशी सूचना २०१९ पासून आहे. तीन लाखांपर्यंतच्या कार्डाला प्रक्रिया शुल्क, पाहणी शुल्क, कागदपत्रांचा खर्च लावू नये असंही त्याच वर्षी ठरलं. ही सूचना फलकावर लावलेली बँक मला आमच्या भागात दिसली नाही.

शाखेतल्या कर्मचाऱ्याला शिव्या देऊन भागत नाही, हेही तितकंच खरं. एका शाखेला दहा-पंधरा गावं, हाताखाली दोन माणसं, त्यांत एक नवा आणि मराठी न येणारा. जूनमध्ये त्या शाखेत उभं राहायला जागा नसते. माणसं वाढवायचं काम मुख्यालयाचं आहे, आणि मुख्यालयाला बेचाळीस टक्केवाल्या कार्डासाठी फोन करणारी माणसं मिळतात, शेती कर्जाची फाईल बघणारी मिळत नाहीत. कुठे नफा आहे हे त्यांना कळतं. सरकारला ते कळतं की नाही हा प्रश्न आहे.

सरकारचंच घ्या. शेतकऱ्याला सवलतीच्या व्याजानं तीन लाखांपर्यंत पीक कर्ज, ही मर्यादा २००६-०७ पासूनची. त्या वर्षी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला १९९० रुपये होता. २०२५-२६ ला तो ८११० रुपये आहे. हमीभाव चौपट झाला तो काही कुणी खूश होऊन वाढवला नाही, खर्च वाढला म्हणून वाढवावा लागला. सवलतीची मर्यादा मात्र तिथेच. १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात ती तीन लाखांवरून पाच लाख करण्याची घोषणा झाली, टाळ्या वाजल्या, गावोगाव फलक लागले. त्यानंतर मे महिन्यात केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२५-२६ साठी ही व्याज सवलत चालू ठेवायला मंजुरी दिली ती जुन्या तीन लाखांच्याच चौकटीत. शेतकऱ्याची लिमिट वाढवताना दिल्लीही काउंटरवरच्या साहेबासारखीच बोलते.

राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना खरोखर चांगली आहे, हे मोकळेपणानं सांगतो. वऱ्हाडाच्या, नेहरूंच्या मंत्रिमंडळातल्या कृषिमंत्र्याचं नाव तिला शोभतं. तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज ३० जूनच्या आत फेडलं की व्याज शून्य. पण ही शून्याची गंमत ज्याच्या हातात जूनमध्ये रोकड आहे त्याच्यासाठी. तूर विकली, कापूस विकला, त्यातून लग्न झालं, दवाखाना झाला, पोराची फी झाली. खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे खारं पाणी पिणाऱ्या गावांत दवाखाना म्हणजे किडनीचा खर्च, तो वर्षाचं पीक गिळतो. मग जूनमध्ये भरायचं कुठून?

इथे येतं नवं-जुनं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक लाख तीस हजार भरायचे आहेत, हातात तीस आहेत. मग शेजारपाजारी, सोयरे, नाहीतर सरळ सावकार गाठायचा. एक लाख आठ दिवसांसाठी. सकाळी बँकेत भरायचे, कर्ज जुनं झालं. लगेच नवीन उचल करायची, कर्ज नवं झालं. पैसे ज्याचे त्याला परत. कागदावर तुम्ही नियमित कर्जदार, शून्य टक्केवाले. खिशातून गेले ते आठ दिवसांचे. शेकडा दोन रुपये धरले तरी लाखाचे दोन हजार. वर्षाला शून्य टक्क्याची जाहिरात असलेल्या कर्जावर आठ दिवसांत दोन हजार व्याज. आणि नवीन उचल देताना बँकेनं दोन दिवस लावले, सर्व्हर गेला, सातबारावरचा बोजा नीट चढला नाही, सोसायटीच्या गटसचिवानं कर्जाचं पत्रक अजून पाठवलं नाही म्हणाले, तर आठाचे पंधरा दिवस होतात. त्या पंधरा दिवसांत माणूस झोपत नाही. मी हे जवळून पाहिलं आहे. बँकेच्या पायरीवर बसलेला माणूस दर तासाला आत जाऊन ‘झालं का साहेब’ विचारतो आणि मोबाइलवर सावकाराचा मिस्ड कॉल बघून तो खिशात घालतो.

ज्या दिवशी नवं-जुनं कराल त्याच दिवशी वाढीव लिमिटचा अर्ज पुढे करा, कारण नियमित कर्जदार म्हणून तुमची बाजू तेव्हाच सगळ्यात भक्कम असते. उचल जुन्याच आकड्याची घेऊन आलात की पुढचं वर्ष हातचं गेलं. कर्जमाफीची चर्चा सुरू झाली की लोक नवं-जुनं थांबवतात, मला त्यांचा राग येत नाही. ज्याला भरताच येत नाही त्यानं वाट बघण्याखेरीज काय करावं? पण ज्याला भरता येतं आणि जो नुसत्या आशेवर थांबतो त्याचं मात्र नुकसान होतं. शून्य टक्के जातं, लिमिटची वाढ जाते, आणि सिबिलवर थकबाकीची नोंद पडते ती वेगळीच.

सिबिलचं भूत आमच्याकडे आता घराघरात आहे. तीनशे ते नऊशे यांमधला तो आकडा. मे २०२५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत बँकांना सांगितलं की पीक कर्जाला सिबिल मागू नका. त्याआधीही सांगून झालं होतं. ज्या अर्थी पुन्हा सांगावं लागलं त्या अर्थी मागतात. तोंडी मागतात, लेखी देत नाहीत. तुम्हाला सिबिलचं कारण सांगून नाकारलं तर ते कारण कागदावर लिहून मागा. लिहून द्यायला पेन उचलला जात नाही, आणि तिथून बोलण्याचा सूर बदलतो.

पण तो आकडा बिघडतो कशानं, हे कुणी बघतं का? २२ जुलै २०२३ ला संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत एका रात्रीत पावसानं हाहाकार केला. नदी-नाले गावांत घुसले, शेतं खरडून गेली. जिथे गुडघाभर कपाशी होती तिथे गोटे राहिले. त्या वर्षी ज्याचा हप्ता चुकला त्याच्या नोंदीवर ‘पूर’ असं लिहिलेलं नसतं, नुसतं किती दिवस थकले तेवढं असतं. पुण्यातला ऐषआरामात कार्ड थकवणारा आणि ज्याचं रान वाहून गेलं तो, दोघांच्या नावापुढे सारखाच आकडा. आपत्तीत कर्जाच्या पुनर्गठनाची तरतूद आहे, पण ती शेतकऱ्यानं वेळेत मागावी लागते आणि तेव्हा तो पंचनाम्याच्या मागे तलाठ्याकडे फिरत असतो. पूर आलेल्या गावाच्या खात्यांचं पुनर्गठन बँकेनं आपणहून करावं, अर्ज मागू नये.

तुमची नोंद तुम्ही बघू शकता. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या चार संस्था आहेत, आणि प्रत्येकीनं वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट द्यायचा आहे, २०१७ पासून. चौकातल्या सेतू केंद्रावर किंवा पोराच्या मोबाइलवर तो काढा. फेडलेलं कर्ज अजून चालू दिसतंय का बघा. तडजोडीनं मिटवलेल्या कर्जावर ‘सेटल्ड’ शेरा आहे का बघा, कारण तो पुढच्या प्रत्येक अर्जात आडवा येतो. भावाच्या नावाचं कर्ज तुमच्या नावावर पडलंय का बघा, एकाच आडनावाच्या गावात हे होतं. चूक दिसली तर तक्रार करा. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला शंभर रुपये भरपाईचा नियम आहे. हे शंभर रुपये मागणारा माणूस आमच्या तालुक्यात मला अजून भेटलेला नाही.

‘जिल्हा बँकच बुडीत होती, आम्ही मागायचं कुणाकडे’ असं म्हणणाऱ्यांचंही खरं होतं. २०१२ साली रिझर्व्ह बँकेने नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या जिल्हा बँकांना परवाना नाकारला. २०१४ च्या शेवटी केंद्रानं देशातल्या अशा तेवीस बँकांसाठी मदत मंजूर केली, त्यांत महाराष्ट्रातल्या याच तीन होत्या. मधली वर्षं आमच्या जिल्ह्यातल्या सोसायटीच्या सभासदाची कशी गेली हे सांगायला नको. तो राष्ट्रीयीकृत बँकेकडे ढकलला गेला, तिथे तो नवखा होता, आणि नवख्याला लिमिट कमीच मिळते. त्या कमी लिमिटवर तो आजही अडकलेला आहे. बँक बुडवली दुसऱ्यांनी, लिमिट घटली याची.

मी दोन्ही कार्डांच्या विरोधात नाही. पोरानं एफडीवरचं कार्ड घ्यावं, पूर्ण बिल भरावं, नाव कमवावं, गरज असेल तर लिमिटही वाढवून मागावी. पण ज्या घरात किसान क्रेडिट कार्डाची लिमिट एक लाख तीस हजारांची दीड लाख व्हायला हवी होती आणि झाली नाही, त्या घरात ती तूट साठ हजारांच्या चकचकीत कार्डानं भरून निघतेय, हे मला दिसतं आहे. खताची बॅग त्या कार्डावर, फवारणीचं औषध त्या कार्डावर, आणि बिल येतं तेव्हा कापसाला अजून बोंडंही धरलेली नाहीत. क्रेडिट कार्डाचं बिल महिन्यानं येतं. कापूस वर्षातून एकदा येतो. हे दोन्ही कधीच जुळणार नाहीत, आणि शेतीचा खर्च महिन्याच्या बिलावर टाकणाऱ्याला व्याज द्यावंच लागेल.

म्हणून वाचकहो, एक काम करा. साधा कागद घ्या. वर तारीख, शाखेचं नाव, खाते क्रमांक. खाली लिहा की माझं किसान क्रेडिट कार्ड अमुक साली मंजूर झालं, तेव्हा लिमिट अमुक होती, योजनेप्रमाणे दरवर्षी दहा टक्के वाढ आणि यंदाचा पीक कर्ज दर धरून ती सुधारून द्यावी, देता येत नसेल तर कारण लेखी कळवावं. सोबत सातबारा आणि आठ अ. दोन प्रती करा, एक द्या, दुसरीवर शिक्का आणि सही घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा, पावती जपून ठेवा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, माहितीसाठी १४४४८ हा टोल फ्री क्रमांक आहे, आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून जिल्हा मध्यवर्ती बँकाही त्या लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत. गावातल्या दहा जणांनी एकाच दिवशी असा कागद दिला तर शाखेला तो वर पाठवावाच लागेल. ३० जूनची वाट पाहू नका, याच आठवड्यात द्या.